एंटर मारला की कर्सर जातो कुठे?



मागच्या पाठात आपण गटाच्या मासिक बैठकीची माहिती भरण्यासाठी ॲक्सेसमधला फॉर्म उघडायला, नवीन नोंद घ्यायला आणि जुनी नोंद शोधायला शिकलो. आजचा पाठ एंटर, टॅब आणि त्यांच्या जोडीच्या चार-दोन बटणांचा आहे. विषय एवढासा वाटेल. "त्यात काय शिकायचं, एंटर मारला की पुढं जातं," असं मीही म्हणत होते. पण आमच्या संघात एका ताईच्या नावावर तीन महिने कर्ज होतं तसंच राहिलं, आणि वर कधी न लागलेला दंड चढला, तो या एंटरपायीच. म्हणून आधी ती हकीकत, मग दुरुस्ती.

आमचा फॉर्म साधा होता. एका सभासदाची एका बैठकीची एक नोंद. वर गटाचं नाव, तारीख आणि सभासदाचं नाव आपोआप यायचं. खाली चार रकाने भरायचे: बचत, व्याज, दंड, शेरा. मुद्दलाची नोंद वेगळ्या फॉर्मवर होती. दरवेळी दोन फॉर्म उघडायचा कंटाळा यायचा, म्हणून ज्यांनी फॉर्म करून दिला होता त्यांना आम्हीच सांगितलं, की मुद्दलाचा रकाना पण इथंच घ्या. त्यांनी बचत आणि व्याज यांच्या मधोमध 'मुद्दल' रकाना बसवून दिला. पडद्यावर झकास दिसत होतं: बचत, मुद्दल, व्याज, दंड, शेरा. रजिस्टरमध्ये जसा क्रम, तसाच.

पण ॲक्सेसची एक खोड आहे. रकाना तुम्ही पडद्यावर कुठंही बसवा, जो शेवटी जोडला तो एंटरच्या रांगेतही शेवटी उभा राहतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारा क्रम वेगळा आणि एंटर ज्या क्रमानं फिरतो तो वेगळा. आमच्या फॉर्मवर कर्सर बचतीवरून थेट व्याजावर उडी मारत होता, मग दंड, मग शेरा, आणि सगळ्यात शेवटी मागं येऊन मुद्दल.

आता नोंदी घेणारी आमची ताई चांगली तरबेज. तिची नजर रजिस्टरवर, हात कळफलकावर. असंच टाइप करायचं असतं, त्यात तिची चूक नाही. रजिस्टरमध्ये एका सभासदाच्या नावापुढं होतं: बचत २००, मुद्दल १,२००, व्याज ६०. ताईनं २०० लिहून एंटर मारला, १,२०० लिहून एंटर मारला, ६० लिहून एंटर मारला, दंड नाही म्हणून रिकामा एंटर, शेरा नाही म्हणून अजून एक रिकामा एंटर. पाच रकाने, पाच एंटर, आणि पुढची नोंद समोर आली. सगळं जिथल्या तिथं वाटलं. प्रत्यक्षात १,२०० रुपये व्याजात गेले, ६० रुपये दंडात गेले आणि मुद्दल कोरं राहिलं.

कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कारण बेरीज बरोबर होती. २०० अधिक १,२०० अधिक ६० म्हणजे १,४६०. पेटीतली रोकड १,४६०, कीर्दीत १,४६०, संगणकात १,४६०. आपण महिनाअखेरीला जमा जुळते का एवढंच बघतो. जमा जुळली की चहा.

पुढच्या महिन्यात शिल्लक ४,८०० वर शेकडा १ प्रमाणे व्याज ४८, त्याच्या पुढच्या महिन्यात ३,६०० वर ३६. तीन महिन्यांनी त्या ताईंचं कर्ज खरं तर ६,००० वरून २,४०० वर आलं होतं. संगणकाच्या हिशोबात बाकी ६,००० च होती, व्याज ३,६०० जमा होतं आणि दंड १४४. थकबाकीच्या यादीत नाव आलं ते वेगळंच. गटाच्या बैठकीत सभासदनिहाय पत्रक वाचून दाखवलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. "म्या कवा बैठक चुकवली? दंड कशाचा लावलाय माझ्यावर?" कर्जाचं त्या काहीच बोलल्या नाहीत, दंडावरच अडून बसल्या. आणि तेच बरं झालं. कर्जाची बाकी किती हे ऐकताना माणूस गोंधळतो, पण आपण एकही बैठक चुकवली नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. रजिस्टर काढलं, पासबुक काढलं, दोन्हीकडे मुद्दल आणि व्याज बरोबर लिहिलेलं. मग फॉर्म बघितला. त्या गटात सात जणींचं कर्ज होतं, सातही जणींचं असंच झालेलं. कर्ज नसलेल्या तिघींचं मात्र बरोबर होतं, कारण त्यांना बचतीच्या पलीकडं काही लिहायचंच नव्हतं.

वेळेवर हप्ता भरणाऱ्या बाईचं नाव थकबाकीत येणं ही काही छोटी गोष्ट नाही. बँकेचं पुढचं कर्ज मागताना आपल्या परतफेडीकडं आणि अद्ययावत नोंदींकडंच बघितलं जातं. आपल्या दशसूत्रीतही ही दोन सूत्रं आहेत. आणि बैठकीत सगळ्यांदेखत नाव वाचलं गेल्यावर बाईला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

आता दुरुस्तीकडं येऊ. काहीही बदलण्याआधी फाइलची एक प्रत दुसऱ्या नावानं पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. हे मी प्रत्येक पाठात सांगते, तरी परत सांगते.

डाव्या बाजूच्या यादीत फॉर्मच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबा आणि 'डिझाइन व्ह्यू' निवडा. फॉर्मवर ठिपक्यांची जाळी दिसायला लागेल. वरच्या पट्टीत 'डिझाइन' मध्ये 'टॅब ऑर्डर' नावाचं बटण आहे. ते दाबलं की एक छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात सगळ्या रकान्यांची नावं एकाखाली एक दिसतात. एंटर आणि टॅब याच यादीनं चालतात. जो रकाना जागा सोडून बसलाय त्याच्या नावाच्या डावीकडच्या चौकोनावर एकदा दाबा, सोडा, मग परत धरून वर-खाली ओढा. आमच्या यादीत मुद्दल सगळ्यात खाली होतं, ते ओढून बचतीच्या खाली आणलं. ओके दाबलं, फॉर्म जतन केला. दोन मिनिटांचं काम.

त्याच खिडकीत 'ऑटो ऑर्डर' असं बटण आहे. ते दाबलं की ॲक्सेस स्वतःच डावीकडून उजवीकडं आणि वरून खाली असा क्रम लावतं. एका ओळीत एकच रकाना असेल तर हे उत्तम चालतं. पण शेजारी-शेजारी दोन उभे खांब असतील, म्हणजे डावीकडं बचतीचे रकाने आणि उजवीकडं कर्जाचे, तर ते आडवं-आडवं जाईल, खांब पूर्ण करून पुढच्या खांबावर जाणार नाही. शिवाय एखादा चौकोन शेजारच्यापेक्षा केसभर वर सरकलेला असला तरी त्याचा नंबर आधी लागतो. म्हणून ऑटो ऑर्डर दाबलीत तरी यादी एकदा डोळ्याखालून घाला.

क्रम बरोबर लागला का हे कसं ओळखायचं? मी सांगते ती युक्ती करा. फॉर्म नेहमीसारखा उघडा, कोरी नोंद घ्या, आणि पडद्याकडं न बघता लिहा: १, एंटर, २, एंटर, ३, एंटर, ४, एंटर, ५. पाचनंतर एंटर मारू नका. आता मान वर करून बघा. पडद्यावर वरून खाली १, २, ३, ४, ५ असंच दिसलं तर क्रम बरोबर. मग एस्केप बटण दोनदा दाबा. पहिल्या एस्केपनं त्या रकान्यातलं पुसतं, दुसऱ्यानं पूर्ण नोंद रद्द होते. पाचनंतर एंटर का मारायचा नाही? कारण ॲक्सेसमध्ये एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर गेलं की पहिली नोंद आपोआप जतन होते. ते "जतन करू का?" असं विचारत नाही. वर्ड-एक्सेलची सवय असलेल्या बायका इथं हमखास फसतात.

फॉर्ममध्ये कुणीही काहीही बदललं, एक रकाना जरी वाढवला, तरी ही एक ते पाचाची परीक्षा घ्यायचीच. ज्यांनी फॉर्म केला त्यांच्यासमोर घ्या, लाजू नका.

पुढचा मुद्दा. एंटर मारल्यावर पुढच्या रकान्यात जायचं, पुढच्या नोंदीवर जायचं की जागचं हलायचंच नाही, हेही ठरवता येतं. फाइल, ऑप्शन्स, क्लायंट सेटिंग्ज असं गेलात की वरच 'एडिटिंग' चा भाग दिसेल. तिथं 'मूव्ह आफ्टर एंटर' खाली तीन पर्याय आहेत. आपल्याला 'नेक्स्ट फील्ड' हवा. इथली मेख अशी, की ही मांडणी फाइलबरोबर जात नाही, ती त्या संगणकाची असते. प्रभाग संघाच्या संगणकावर एंटर पुढच्या रकान्यात जातो म्हणून तीच फाइल ग्रामसंघाच्या लॅपटॉपवर नेली, आणि तिथं कुणीतरी 'नेक्स्ट रेकॉर्ड' करून ठेवलेलं असलं, तर बचत लिहून एंटर मारताच तुम्ही पुढच्या बाईच्या नावावर जाल आणि तिथं पहिलीचा हप्ता लिहाल. उलट टॅब ऑर्डर फॉर्ममध्येच साठवलेली असते, ती फाइलबरोबर जाते. आमच्याकडं आता प्रत्येक संगणकाच्या पडद्याखाली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: एंटर, पुढचा रकाना. दिसायला गावठी आहे, पण उपयोगी आहे. टॅब बटणाला मात्र ही मांडणी लागू होत नाही, ते पुढच्याच रकान्यात जातं. परक्या संगणकावर बसलात तर टॅब वापरा. आपल्याला एंटर आवडतो तो आकड्यांच्या चौकोनाशेजारी असतो आणि उजव्या हाताला सोपा पडतो म्हणून.

त्याच पानावर 'बिहेवियर एंटरिंग फील्ड' म्हणून दुसरी एक निवड आहे. कर्सर रकान्यात शिरला की काय व्हावं: आतलं सगळं निवडलं जावं, कर्सर सुरुवातीला जावा, की शेवटी? हे किरकोळ वाटतं, पण पैशाच्या कामात किरकोळ नाही. समजा बचतीच्या संख्येच्या रकान्यात आधीच ० दिसतंय. सगळं निवडलेलं असेल तर ५०० लिहिताच ० पुसून ५०० होईल. कर्सर सुरुवातीला असेल तर ५०० च्या मागं तो ० तसाच राहील आणि बचत होईल ५,०००. कर्सर शेवटी असेल आणि आत जुने २०० असतील, तर ३०० लिहिल्यावर २,००,३०० होतील. म्हणून 'सिलेक्ट एंटायर फील्ड' हाच पर्याय ठेवा. याची एक उलटी बाजूही आहे. शेऱ्यात दोन ओळी लिहिलेल्या असतील आणि तुम्ही तिथं जाऊन चुकून एक अक्षर दाबलं, तर दोन्ही ओळी जातील. शेऱ्यात काही जोडायचं असेल तर आधी एफ२ दाबा, निवड सुटते आणि कर्सर मजकुरात उभा राहतो. पुसलं गेलंच तर लगेच एस्केप.

शेऱ्याचं अजून एक. तिथं नवी ओळ हवी असते आणि एंटर मारला की कर्सर पळून जातो, अशी तक्रार बऱ्याच जणींची आहे. डिझाइन व्ह्यूमध्ये शेऱ्याच्या चौकोनावर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा, 'अदर' या भागात 'एंटर की बिहेवियर' आहे, ते 'न्यू लाइन इन फील्ड' करा. मग तेवढ्या एका रकान्यात एंटर नवी ओळ देईल आणि बाहेर पडायला टॅब वापरायचा. फॉर्मला हात लावायचा नसेल तर कंट्रोल धरून एंटर मारा, तेच होतं.

याच 'अदर' मध्ये 'टॅब स्टॉप' दिसेल. त्याला 'नो' केलं की एंटर त्या रकान्याला वगळून पुढं जातो. माउसनं मात्र तिथं जाता येतं. सभासद क्रमांक, गटाचं नाव, एकूण जमा असे जे रकाने आपण हातानं भरत नाही त्यांना 'नो' करावं. आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं, की दंड क्वचितच असतो, तोही वगळा, दर नोंदीला एक एंटर वाचेल. हिशोब केला: दीडशे गट, प्रत्येकी दहा सभासद, म्हणजे महिन्याला पंधराशे एंटर वाचतात. ऐकायला भारी वाटतं. पण मग ज्या महिन्यात खरंच दंड असेल त्या महिन्यात हात सवयीनं पुढं जाणार आणि दंडाचे दहा रुपये शेऱ्यात पडणार. मी तरी दंड वगळू दिला नाही. पैशाचा कुठलाही रकाना रांगेतून काढू नये असं माझं मत आहे. वेग वाढवायचा तर बाकीच्या जागा आहेत.

आता शेवटच्या रकान्यानंतर काय व्हावं ते. इतर वेळी शेवटच्या रकान्यात एंटर मारला की थेट पुढच्या सभासदाची नोंद येते. रकाने तसेच, रंग तसेच, फक्त वरचं नाव बदललेलं. नजर रजिस्टरवर असली तर नाव बदललेलं कळतही नाही. फॉर्मच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अदर' खाली 'सायकल' आहे. चौकोनाच्या नव्हे हं, पूर्ण फॉर्मच्या. त्यासाठी डिझाइन व्ह्यूमध्ये फॉर्मच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनावर दोनदा दाबायचं. सायकल 'करंट रेकॉर्ड' केलं की शेवटच्या रकान्यातून एंटर मारल्यावर कर्सर त्याच बाईच्या पहिल्या रकान्यात परत येतो. पुढच्या बाईकडं जायचं तर मुद्दाम पेज डाउन दाबावं लागतं. नोंदी घेणाऱ्या मुली सुरुवातीला कुरकुरल्या, एक बटण वाढलं म्हणून. पण त्या एका बटणाच्या आधी मान वर करून नाव बघायची सवय लागली. पेज डाउन चुकून दाबलं गेलं तर नोंद बदलतेच, हे मात्र ध्यानात ठेवा. सायकल फक्त एंटर-टॅबला आवर घालतं.

क्रम दुरुस्त झाला, एंटर ताब्यात आला, तरी माणूस चुकणारच. म्हणून रकान्यालाच राखण बसवा. आमच्या गटात अंतर्गत कर्ज ३०,००० च्या वर देत नाहीत. शेकडा १ नं महिन्याचं व्याज ३०० च्या वर जाऊ शकत नाही, दोन महिने तुंबलं तरी ६००. तेव्हा व्याजाच्या रकान्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डेटा' खाली 'व्हॅलिडेशन रूल' आहे, तिथं 'पेक्षा कमी किंवा बरोबर' ची खूण आणि पुढं ६०० लिहिलं, आणि त्याच्या खालच्या ओळीत, 'व्हॅलिडेशन टेक्स्ट' मध्ये, मराठीत लिहिलं: "व्याज इतकं कसं? मुद्दल इथं लिहिलं का ते बघा." आता कुणी १,२०० व्याजात लिहिले की एंटर पुढं जातच नाही, ही पाटी समोर येते. दंडाला ५० ची मर्यादा. ही राखण आधी असती तर पहिल्याच महिन्यात पहिल्याच बाईच्या नोंदीला संगणकानं हटकलं असतं. तुमच्या गटाचे नियम वेगळे असतील, आकडे त्याप्रमाणं धरा.

भाषेचा घोळ आपल्याकडं कायमचा. नाव आणि शेरा मराठीत, रक्कम आकड्यात. मराठी चालू राहिलं तर काही कळफलकांवर आकडेही देवनागरी उमटतात. रक्कम ज्या रकान्यात जाते त्याचा प्रकार 'नंबर' किंवा 'करन्सी' असलाच पाहिजे. तो 'टेक्स्ट' असेल तर आकडा दिसायला आकडा, पण संगणकाच्या लेखी तो नुसता मजकूर. त्याच्यासाठी 'अदर' मध्ये 'कीबोर्ड लँग्वेज' अशी सोय आहे. नाव आणि शेरा या रकान्यांना मराठी निवडा, पैशाच्या रकान्यांना इंग्रजी. कर्सर रकान्यात शिरला की भाषा आपोआप बदलते, दरवेळी आल्ट-शिफ्ट करत बसावं लागत नाही. त्या संगणकावर मराठी कळफलक बसवलेला असेल तरच ती यादीत दिसते. आकडे उजवीकडच्या चौकोनावरून टाका, पण आधी नम लॉकचा दिवा बघा. दिवा बंद असेल तर तेच आकडे बाणांचं काम करतात. तुम्ही ४ दाबता आणि कर्सर मागच्या रकान्यात जातो.

मराठी कुठल्या कळफलकावर करायचं? ज्यांनी टायपिंगची मराठी ३० ची परीक्षा दिलीय त्यांचा हात रेमिंग्टनवर बसलेला असतो, त्यांनी तो मोडायला जाऊ नये. नव्यानं शिकणारीनं इनस्क्रिप्ट शिकावा. भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ मध्ये त्याला मानक म्हणून मान्यता दिली, आणि त्याच्या मागं पुण्याच्या सी-डॅकचं काम आहे. डाव्या हाताला काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, आणि क वर शिफ्ट धरली की ख, त वर धरली की थ. आठवड्याभरात हात बसतो. आपल्या भागाला त्यात एक अक्षर फार लागतं: कऱ्हाडातला ऱ. इनस्क्रिप्टमध्ये र च्या कळीवर शिफ्ट धरली की तो येतो, मग हलन्त, मग ह. पण गंमत बघा, एकीनं 'कराड' लिहिलं आणि दुसरीनं 'कऱ्हाड', तर आपल्याला गाव एक, संगणकाला दोन. इतकंच नाही, हा अर्धा ऱ दोन वेगळ्या रीतींनी टाइप करता येतो, पडद्यावर सारखाच दिसतो, तरी शोधताना जुळत नाही. यावर उपाय कळफलकात नाही. गावाचं नि सभासदाचं नाव एकदाच, एका जागी, दोघींनी मिळून तपासून लिहा, आणि पुढं सगळीकडं ते यादीतून निवडायचं ठेवा. यादीच्या रकान्यात पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की नाव आपोआप पुढं येतं.

काही झटपट बटणं सांगते, पण जपून वापरा. कंट्रोल आणि एंटरशेजारचं अवतरणचिन्हाचं बटण एकदम दाबलं की मागच्या नोंदीतल्या त्याच रकान्याची माहिती इथं उतरते. बैठकीच्या तारखेला हे फार सोयीचं. बचतीला वापरू नका. सगळ्या जणी २०० भरतात म्हणून सरसकट उतरवत गेलं की ज्या ताईनं त्या महिन्यात भरलेच नाहीत तिच्याही नावावर २०० चढतात. कंट्रोल आणि अर्धविरामाचं बटण दाबलं की आजची तारीख येते. आजची, बैठकीची नाही. सोमवारी झालेल्या बैठकीच्या नोंदी गुरुवारी घेताना हे बटण दाबलं तर बैठक गुरुवारी झाली असं कायमचं लिहिलं जाईल. आणि कंट्रोल-वजा हे पूर्ण नोंद पुसतं. ते विचारतं, पण घाईत बाई 'येस' म्हणून मोकळी होते. फॉर्मच्या 'डेटा' प्रॉपर्टीत 'अलाऊ डिलीशन्स' ला 'नो' करून टाका.

ज्यांच्याकडं ॲक्सेस नाही त्यांनी लिबरऑफिस बेस घ्यावं, ते फुकट आहे. तिथंही चौकोनाच्या गुणधर्मांत 'टॅबस्टॉप' आणि 'टॅब ऑर्डर' आहे, फॉर्मला 'सायकल' आहे, आणि रांग लावायच्या खिडकीला 'ॲक्टिव्हेशन ऑर्डर' म्हणतात. मोबाइलवरच्या लोकओएस ॲपमध्ये मात्र आपल्याला यातलं काही बदलता येत नाही. तिथं आपल्या हातात एकच गोष्ट आहे, पाठवण्याआधी प्रत्येक रकाना नावासकट मोठ्यानं वाचणं.

वाचून दाखवण्यावरून आठवलं. माण तालुक्यात म्हसवडला चेतना गाला-सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका अधिकाऱ्यांकडं परत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय करून दाखवावं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आमच्या १४४ रुपयांच्या दंडाचा घोळही अशाच एका ताईनं पकडला, जिनं संगणकाला कधी हात लावलेला नाही. म्हणून महिन्याचं पत्रक नुसतं फाइलला लावू नका. बैठकीत प्रत्येकीचं नाव घेऊन बचत, मुद्दल, व्याज, दंड, बाकी असं पाची आकडे वेगवेगळे वाचा. 'एकूण जमा' एवढंच वाचलं तर आमच्यासारखी चूक तीन काय, तेरा महिने लपून राहील.

जुन्या चुकीच्या नोंदी आम्ही कशा दुरुस्त केल्या तेही सांगते, कारण दोन-तीन गटांनी विचारलंय. संगणकातल्या नोंदी गुपचूप बदलल्या नाहीत. आधी सातही जणींची पासबुकं आणि रजिस्टर समोर ठेवून प्रत्येक महिन्याचे मुद्दल-व्याज कागदावर काढले. बैठकीत ते वाचले, इतिवृत्तात लिहिले, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घेतल्या. मग संगणकात दुरुस्ती केली आणि प्रत्येक नोंदीच्या शेऱ्यात इतिवृत्ताची तारीख टाकली. नवीन पत्रक छापून त्या ताईंच्या हातात दिलं: बाकी २,४००, दंड शून्य. त्यांनी ते घडी घालून पासबुकात ठेवलं.

सराव: पुढच्या बैठकीच्या नोंदी घेण्याआधी तुमच्या संघाच्या प्रत्येक संगणकावर एक ते पाचाची परीक्षा घ्या. 'मूव्ह आफ्टर एंटर' काय आहे ते बघून चिठ्ठी चिकटवा. आणि मागच्या तीन महिन्यांतल्या नोंदींमध्ये ज्या सभासदांच्या व्याजाचा आकडा मुद्दलापेक्षा मोठा दिसतोय, त्यांची पासबुकं एकदा मागवून बघा.